गाडी नेमकी कुठे थरथरते, आणि त्यात बुशचा वाटा किती

कळंबोलीला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चढलं आणि काटा ऐंशीच्या पुढे सरकला, की माझ्या गाडीचं स्टिअरिंग हातात गुणगुणायला लागायचं. नव्वदला त्याची थरथर व्हायची आणि शंभराला पोचता पोचता पुन्हा शांत. ठाण्यात घोडबंदर रोडला दुखणं वेगळंच. तिथे ऐंशीचा वेग स्वप्नात, पण कापूरबावडीच्या पुढे सर्व्हिस रोडच्या पेव्हर ब्लॉकवरून रांगताना पुढच्या डाव्या बाजूने टक-टक, टक-टक. गाडी २००९ ची हॅचबॅक, १.३ लिटर पेट्रोल, नंबर एमएच ०४ चा. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर आरटीओत नूतनीकरण करून पुढची पाच वर्षं मिळवलेली. म्हणजे तिला एवढ्यात सोडायचं नाही, हे घरात ठरलेलं.

या दोन तक्रारींपायी मी दोनदा व्हील बॅलन्सिंग (रिमच्या कडेला छोटी वजनं लावून चाकाचा तोल जुळवणं) केलं आणि एकदा दोन्ही बाजूंचे लोअर आर्म बदलले. आर्म बदलल्यावर टकटक गेली. चार महिने सुखाचे गेले आणि पाचव्या महिन्यात तोच आवाज, त्याच कोपऱ्यातून. शेवटी वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडीखाली बॅटरी मारली, बोटाने रबर चाचपलं आणि विचारलं, “साहेब, हा बोल्ट आवळला तेव्हा चाक जमिनीवर होतं की हवेत?”

मला प्रश्नच कळला नाही. आणि तो कळायचा, तर बुश म्हणजे काय इथूनच सुरुवात करावी लागते.

बिजागरी घासते, बुश पिळतो

लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा लोखंडी हात. त्याच्या बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट, म्हणजे वाटीत फिरणाऱ्या गोळ्याचा सांधा, असतो, आतल्या दोन टोकांना दोन बुश. बुश उभा कापला तर आत तीन थर दिसतात: बाहेर पत्र्याची नळी, आत जाड पोलादी नळी आणि दोन्हींच्या मध्ये रबर. हे रबर नुसतं कोंबलेलं नसतं. कारखान्यातच ते दोन्ही नळ्यांना पक्कं चिकटवलेलं असतं. बाहेरची नळी आर्ममध्ये दाबून बसवतात. आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि तिला सांगाड्याशी आवळून धरतो.

आता चाक खड्ड्यात गेलं, आर्म खाली झुकला. बाहेरची नळी आर्मबरोबर थोडी फिरली, आतली मात्र बोल्टने जखडलेली. मग ही फिरण्याची फरकबाजी कोण सोसतं? मधलं रबर. ते पीळ खातं, चाक वर आलं की पीळ सुटतो. दाराच्या बिजागरीत लोखंड लोखंडावर घासतं, म्हणून तिला तेल लागतं. बुशात घासाघीस होणं अपेक्षितच नाही. हा एक मुद्दा डोक्यात बसला, की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं.

उदाहरणार्थ, बुश कुरकुरतो म्हणून कुणी त्यावर जुनं इंजिन ऑइल मारायला लागला, तर त्याचा हात धरा. खनिज तेलाने साधं रबर फुगतं आणि मऊ पडतं. कुरकुर चार दिवस थांबते, बुश मात्र लवकर मरतो. त्यापेक्षा पाण्याचा फवारा मारा. एका बुशवर पाणी मारल्यावर आवाज थोड्या वेळासाठी गेला, तर चोर सापडला म्हणायचं.

आर्मवरचे दोन बुश सारखे नसतात. पुढचा सहसा लहान आणि कडक असतो, वळणावर चाकाला आडवं सरकू देत नाही. मागचा मोठा आणि मऊ, बऱ्याचदा त्याच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या. नवखा माणूस त्या पोकळ्या बघून ‘फाटलाय’ म्हणतो. चाक खड्ड्याच्या कडेला आपटलं की थोडं मागे सरकावं आणि तो दणका थेट आपल्या पाठीत येऊ नये, यासाठी ती सोय आहे. मागचा बुश मेला, तर ब्रेक दाबताना चाक मागे सरकतं, ब्रेक सोडल्यावर पुढे येतं, आणि गाडी त्या क्षणी किंचित एका बाजूला ओढ घेते. ब्रेक सोडताना ‘डक्’ असा एकच बारीक आवाज आला, तर संशय इथे घ्यावा.

रबर मरतं कशाने? उन्हाने, इंजिनाच्या उष्णतेने, हवेतल्या ओझोनने आणि निव्वळ वयाने. “माझी गाडी पन्नास हजारसुद्धा फिरलेली नाही,” असं सांगणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. पण उभ्या गाडीचं रबरसुद्धा म्हातारं होतं. आमच्याकडे खाडीच्या दमट खाऱ्या हवेने बोल्टही गंजतात, आणि त्याचा हिशेब बदलायच्या दिवशी चुकता करावा लागतो.

थरथर कधी, एवढंच आधी लिहून काढा

बुश स्वतः थरथर निर्माण करत नाही. तो फक्त अडवतो. थरथर जन्मते दुसरीकडे: चाकात, टायरमध्ये, ब्रेक डिस्कमध्ये, इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्यात, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टमध्ये, किंवा इंजिनात. बुश चांगला असेपर्यंत ती गिळून टाकतो, थकला की पुढे पाठवतो. म्हणूनच जुन्या गाडीत बुश बदलून थरथर कमी होते, पण मुळासकट जात नाही. मी ज्या गोंधळात सापडलो तो हाच. माझ्याकडे दोन दुखणी होती आणि मी त्यांना एक समजत होतो.

गॅरेजमध्ये जाऊन “गाडी व्हायब्रेट करते” एवढंच सांगितलं, तर समोरचा त्याला जमणारं काम करून देणार. टायरवाला बॅलन्सिंग करेल, सस्पेन्शनवाला आर्म बदलेल. त्यात लबाडी असतेच असं नाही, आपणच माहिती दिलेली नसते.

थोडं गणित करू. माझ्या गाडीचा टायर १६५/८० आर १४. टायरची उंची १३२ मिलिमीटर, ती दोन्ही बाजूंनी, अधिक १४ इंची रिम. मिळून व्यास साधारण ६२ सेंटिमीटर आणि परीघ १.९५ मीटर. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला जवळपास १३ वेळा फिरतं. आता रिमच्या कडेला ३० ग्रॅमचा फरक राहिला असेल, तर या वेगाला तो फरक चाकाला साधारण साडेतीन किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढतो, सेकंदाला १३ वेळा. आणि पुढच्या चाकाची, त्याच्या सगळ्या लोखंडासकट, टायरच्या रबरावर नाचण्याची स्वतःची चालही साधारण सेकंदाला १० ते १५ हेलकाव्यांची असते. झोक्याला बरोबर वेळेवर धक्का दिला, की तो उंच जातो, तसं होतं. वेग आणखी वाढला की धक्क्याची वेळ चुकते आणि थरथर विरते. नव्वदला थरथर आणि शंभराला शांतता, ही चाकाच्या दोषाची खूण.

इंजिनाचा हिशेब वेगळा. सिग्नलला उभं असताना ते मिनिटाला साडेसातशे फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला २५ स्फोट होतात. तीन हात नाक्याला लाल दिव्यावर उभे असताना आरसा हलतो, एसी लावला की जास्त हलतो, आणि गाडी चालायला लागली की थांबतो? मग चाकाकडे बघायचं कारण नाही. इंजिन माउंटिंग बघा. तेही एक प्रकारचं रबरच.

हे दोन वेगळे काढायची सोपी युक्ती आहे. मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे कुणी नसताना, थरथरीच्या वेगाला क्लच दाबायचा. इंजिन खाली बसतं, गाडीचा वेग तोच राहतो. थरथर तशीच राहिली तर इंजिन निर्दोष. थरथर फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर येत असेल आणि पाय उचलताच जात असेल, तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट तपासा. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू निघताना कट-कट-कट झालं, तर बाहेरचा. फक्त ब्रेक मारताना स्टिअरिंग हलतं, तर डिस्क असमान झिजलेली असण्याची शक्यता मोठी. वेगाबरोबर वाढणारा घूं-घूं आवाज, जो गाडी एका बाजूला झुकवली की बदलतो, तो व्हील बेअरिंगचा. स्टिअरिंग हललं तर पुढची चाकं, सीट हलली तर मागची, हा ठोकताळाही बहुतेक वेळा खरा निघतो.

एक निर्दोष आरोपी राहिलाच. काँक्रीटचे रस्ते. त्यांच्या फळ्यांमध्ये साधारण साडेचार मीटरवर सांधे असतात. ताशी ६० ने गेलात तर सेकंदाला जवळपास चार धक्के, अगदी तालात. डांबरी पट्टा येताच धडधड थांबत असेल, तर गाडीला दोष देऊ नका.

माझी टकटक वेगाशी बांधलेली नव्हती. ती फक्त हळू वेगात, एक चाक खाली जाऊन वर येताना यायची. म्हणजे सैल सांधा: लिंक रॉड (गाडीला कलंडू न देणाऱ्या दांड्याला चाकाकडच्या भागाशी जोडणारी छोटी दांडी), बॉल जॉइंट, शॉकअपचं वरचं माउंटिंग किंवा बुश. (डिकीतला जॅक आणि पाना आधी बाहेर काढून बघा. हसू नका, मी स्वतः एकदा यात फसलोय.)

खाली वाकून बघताना

गाडी जॅकवर असताना तिच्याखाली कधीही, अर्ध्या मिनिटासाठीसुद्धा, जायचं नाही. सपाट जमीन, हँडब्रेक, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे आणि वजन भरभक्कम स्टँडवर. या एका बाबतीत मी जुगाड ऐकून घेत नाही.

चाक अधांतरी झालं की घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवायचं. ठक्क वाजलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. तीन आणि नऊच्या जागी सैल लागलं तर टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांडीच्या टोकाचा सांधा) किंवा स्टिअरिंग रॅक. लिंक रॉड हाताने हलवून कळतो. सगळ्यात आधी तोच तपासावा, कारण तो स्वस्त असतो आणि टकटकीचा सगळ्यात नेहमीचा गुन्हेगार असतो.

बुश तपासायला मिस्त्री टॉमी, म्हणजे लांब लोखंडी कांब, अडकवून आर्म ढकलतात. इथे ग्राहकाने सावध राहावं. टॉमीचा जोर एवढा असतो की चांगला बुशही हलतो. तो हलायलाच बनवलाय. बघायचं ते वेगळं. आतली नळी मधोमध आहे की एका बाजूला बसलीय? रबर नळीपासून सुटून फट दिसतेय का? भेग आरपार गेलीय का? वरवरच्या बारीक चिरा म्हणजे टाचेच्या भेगा, वयाच्या खुणा. त्यावरून आर्म बदलायला लावणाऱ्याला थांबवा. काही गाड्यांच्या बुशात द्रव भरलेला असतो. तिथे काळपट ओघळ दिसला तर तो गेला.

अजून एक चाचणी आहे, दोघांनी करायची. एकाने गाडीत बसून ब्रेक हलका दाबून गाडी इंचभर पुढे, इंचभर मागे करायची. दुसऱ्याने बाजूला, चाकाच्या वाटेबाहेर उभं राहून चाकाकडे बघायचं. चाक कमानीत पुढेमागे सरकताना दिसलं, की मागच्या बुशवर शिक्कामोर्तब.

बदलताना

नवीन बुश दाबून बसवायचा की अख्खा आर्मच नवा घ्यायचा? माझं मत स्पष्ट आहे. बॉल जॉइंटही जुना असेल आणि आर्म सहज मिळत असेल, तर अख्खा आर्म घ्या. बुश दाबायला हायड्रॉलिक प्रेस लागतो, आणि हातोडीने ठोकून बसवलेल्या बुशची बाहेरची नळी वाकडी होते. आर्म मिळत नसेल किंवा बनावट मालाची शंका असेल, तर मूळ आर्ममध्ये चांगले बुश दाबून घेणं शहाणपणाचं. वागळे इस्टेट किंवा तुर्भे-रबाळ्याच्या पट्ट्यात प्रेस असलेली छोटी वर्कशॉप सहज सापडतात. पोकळीवाला बुश मात्र ठरलेल्या दिशेनेच बसतो, म्हणून जुना काढण्यापूर्वी आर्मवर खूण करून ठेवायची. खूण चुकली तर जिथे मऊ हवा तिथे तो कडक होतो. काम दोन्ही बाजूंचं एकदम करा, नाहीतर गाडी एका पायाने लंगडते.

गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं तर सकाळ सुखाची जाते. (हे तेल बोल्टवर, रबरावर नाही.) तरी काही वेळा बोल्ट आतल्या नळीतच गंजून एकजीव झालेला असतो. नट फिरतो, बोल्ट हलत नाही. मग कापण्यावाचून इलाज नसतो आणि अर्ध्या दिवसाचं काम दिवसभराचं होतं. मिस्त्रीने हे आधीच सांगितलं, तर तो घाबरवत नाहीये. नट एकदाच वापरायच्या प्रकारचे असतील, तर नवीन घ्या. चाक उतरवल्यावर ब्रेकच्या रबरी नळीवर वजन लटकू देऊ नका. आणि स्प्रिंगसकट शॉकअप उघडायचा मोह घरी करू नका; दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाला मारू शकते.

पॉलियुरेथेनचे रंगीत बुश मिळतात, ते घ्यावेत का? ते कडक असतात आणि बहुतेकांत चिकटवलेलं रबर नसतं. ते खरोखरच नळीवर फिरतात, म्हणून त्यांना खास ग्रीस लागतं. वळणावर गाडी घट्ट वाटते, पण प्रत्येक पेव्हर ब्लॉक मणक्यात मोजता येतो. जुन्या घरगुती गाडीला साधं, कंपनीच्या दर्जाचं रबरच बरं.

आता मिस्त्रींचा प्रश्न. बहुतेक गॅरेजमध्ये दोन खांबांची लिफ्ट असते. ती गाडीला पोटाखालून उचलते, चाकं खाली लटकतात. आर्म बसवला, बोल्ट तिथेच गच्च आवळला, गाडी खाली सोडली. काम झालं, असं वाटतं. प्रत्यक्षात बुशची आतली नळी त्या लटकलेल्या कोनात कायमची जखडली गेली. समजा आर्म ३३ सेंटिमीटर लांब आणि लटकताना त्याचं बाहेरचं टोक ८ सेंटिमीटर खाली होतं. म्हणजे जवळपास १४ अंश. गाडी जमिनीवर आली की रबर उभ्या जागी १४ अंश पिळलेलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे गाडी रात्रभर पार्किंगमध्ये झोपली तरी पीळ जात नाही. त्यावर स्पीडब्रेकरने आणखी १० अंश दिले की २४. दोन्ही बाजूंना १०-१२ अंश सोसायला बनलेलं रबर रोज एकाच दिशेने दुप्पट पिळलं जातं. चार महिन्यांत ते नळीपासून सुटलं, यात त्या रबराचा दोष नव्हता.

योग्य रीत अशी: बोल्ट आधी फक्त हाताला लागतील इतके बसवायचे. मग गाडी चाकांवर उतरवायची, पुढचं टोक दोन-चार वेळा दाबून हलवायचं, आणि पिटमधून (गाडीखाली उभं राहायच्या खड्ड्यातून) किंवा चार खांबांच्या लिफ्टवर, चाकांवर पूर्ण वजन असताना, शेवटचं आवळायचं. पिट नसेल तर आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक लावून, तो गाडीचं वजन पेलेपर्यंत वर घेऊन आवळतात. ज्या बुशचा बोल्ट आडवा असतो, त्याला हा नियम लागू. काही आर्मचा मागचा बुश उभ्या बोल्टचा असतो, तिथे पिळाचा हा प्रश्न तसा येत नाही. किती जोराने आवळायचं, ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं आणि ते टॉर्क पान्यानेच मोजायचं. ‘आपला हातच टॉर्क पाना आहे’ म्हणणारे मिस्त्री मला आवडतात, पण या बोल्टसाठी नाही.

त्यानंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. नव्या बुशने चाक आपल्या जागी परत येतं, म्हणजे आधीच्या झिजलेल्या जागेला जुळवलेला टो (चाकं किती आत-बाहेर वळलेली, तो कोन) आता चुकीचा ठरतो. ते न करता महिनाभर फिरलात तर टायरची एक कड करवतीसारखी होते. हजारेक किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा एकदा तपासून घ्यायचे.

मिस्त्रींकडून नवीन बुश याच रीतीने बसवून घेतले. वागळे इस्टेटमधून परत येताना पेव्हर ब्लॉकवर गाडी गप्प होती. आठवड्याने पुण्याला निघालो. ऐंशी, पंच्याऐंशी, आणि स्टिअरिंग पुन्हा गुणगुणलं, पण पूर्वीच्या पावपट. नवीन बुश जेवढं गिळता येईल तेवढं गिळत होते. मूळ अजून शिल्लक होतं.

परत आल्यावर पुढचं डावं चाक उचलून फिरवलं आणि रिमच्या कडेजवळ एक खडू स्थिर धरला. खडू अख्ख्या गोलात एकाच जागी टेकला, साधारण वितभर. रिम खड्ड्यात आपटून वाकलेली होती. बॅलन्सिंगचं यंत्र वजनाचा फरक भरून काढतं, वाकलेला लोखंडी गोल सरळ करत नाही. म्हणून दोनदा शिसं लावूनही चाक प्रत्येक फेऱ्यात एकदा उडी मारत राहिलं. स्टेपनी त्या जागी लावली, ती बॅलन्स केली आणि पुढच्या फेरीत शंभरपर्यंत काटा नेला तेव्हा स्टिअरिंग हातात नुसतं पडून होतं. वाकडी रिम सध्या डिकीत स्टेपनी म्हणून आहे. पंक्चर झालंच तर घरापर्यंत, साठच्या आत.